मिरचीच्या ताटातून नोबेलपर्यंत : डॉ. अल्बर्ट सेंट-जॉर्जी

घरात वांगं चिरून परातीत तसंच ठेवलं की थोड्या वेळात फोडी काळ्या पडतात, हे तुम्ही रोज बघता. बटाट्याचं तेच. सफरचंदाचं तेच. केळ्याला जरा मार लागला की तिथे तपकिरी डाग पडलाच म्हणून समजा. पण लिंबू कापून तासभर ठेवा, ते काळं पडत नाही. संत्र्याची फोडही पडत नाही. सफरचंदाच्या फोडींवर लिंबू पिळलं तर त्या पांढऱ्याच राहतात, हे तर घरातल्या बायकांना आपल्याआधी माहीत.

हे असं का होतं, असा प्रश्न आपल्यापैकी किती जणांना पडला असेल? युरोपातल्या एका डॉक्टरला तो पडला. त्या प्रश्नामागे तो हंगेरी, हॉलंड, इंग्लंड, अमेरिका असा वणवण फिरला. शेवटी उत्तर सापडलं ते त्याच्याच गावाशेजारच्या मिरचीच्या शेतात. त्याचं नाव अल्बर्ट सेंट-जॉर्जी. नाव आपल्या जिभेला जड आहे, पण औषधाच्या दुकानात क जीवनसत्त्वाची जी आंबट गोळी मिळते, तिचं मूळ या माणसापर्यंत जातं.

सेंट-जॉर्जी यांचा जन्म १६ सप्टेंबर १८९३ चा, बुडापेस्टचा. वडील जमीनदार, त्यांचा सगळा जीव शेतीत आणि जनावरांत. आईच्या माहेरी मात्र तीन पिढ्या शास्त्रज्ञ. पोरगा लहानपणी अभ्यासात अगदी मागे. मामा नावाजलेले शरीररचनातज्ज्ञ. हा भाचा काही शिकायचा नाही, असं त्यांचं मत. पुढे मुलाने मन लावून अभ्यास सुरू केला तेव्हा मामा थोडे नरमले. मामांना मूळव्याधीचा त्रास होता, म्हणून भाच्याला पहिलं संशोधन दिलं तेही त्याच जागेच्या रचनेवर! हसू येईल, पण पुढे नोबेल मिळवणाऱ्या माणसाचा पहिला शोधनिबंध हाच.

१९१४ मध्ये पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि वैद्यकीचं शिक्षण अर्धवट टाकून त्यांना सैन्यात जावं लागलं. शौर्याचं पदकही मिळालं. पण दोन वर्षं खंदकात माणसं मरताना बघून त्यांचं मन उडालं. १९१६ मध्ये त्यांनी स्वतःच्या दंडात गोळी झाडून घेतली आणि शत्रूची गोळी लागली असं सांगितलं. घरी पाठवणी झाली, १९१७ मध्ये डॉक्टरकी पूर्ण झाली, लग्नही झालं. याला कोणी भ्याडपणा म्हणेल. पुढच्या युद्धात ते काय वागले हे वाचल्यावर मग आपलं मत ठरवा.

युद्धानंतर हंगेरीचे तुकडे झाले. नोकरी नाही, पैसा नाही, पदरात बायको आणि तान्ही मुलगी. प्राग, बर्लिन, हॅम्बुर्ग, लायडन असं मिळेल तिथे काम करत ते हॉलंडमधल्या ग्रोनिंगेनला पोहोचले. आपला काळ्या फोडींचा प्रश्न इथला.

आता थोडं शास्त्र बघू. नांगराचा फाळ पावसात राहिला की गंजतो, कारण हवेतला प्राणवायू लोखंडाला लागतो. चिरलेल्या बटाट्याचंही काहीसं असंच. पेशी फुटली की तिच्यातला एक विकर प्राणवायूच्या मदतीने रसातल्या पदार्थांचं रूपांतर करतो आणि तपकिरी रंग उमटतो. मग लिंबूवर्गीय फळांत तो का उमटत नाही? सेंट-जॉर्जी यांनी एक साधा प्रयोग केला. काही रसायनं एकत्र केली की चटकन निळा रंग येतो. त्यात या फळांचा रस घातला तर रंग येतो, पण क्षणभर उशिरा. हा क्षणभराचा उशीर त्यांना खटकला. रसात असं काहीतरी आहे जे आधी स्वतः प्राणवायूला सामोरं जातं आणि ते संपल्यावरच रंगाला वाट मिळते. म्हणजे पिकाच्या बांधावर उभा असलेला राखणदारच म्हणा. आज ज्याला अँटिऑक्सिडंट म्हणतात, तो हाच प्रकार. दुसरा कोणी असता तर तेवढ्या उशिराकडे लक्षही दिलं नसतं.

ॲडिसनचा आजार म्हणून एक रोग आहे. मूत्रपिंडावरची छोटी ग्रंथी बिघडली की माणसाची कातडी काळपट पडते. कापलेल्या फळासारखीच ही कातडी काळी पडत असेल का, या विचाराने त्यांनी जनावरांच्या त्या ग्रंथी तपासल्या. कातडीबद्दलचा तर्क पुढे चुकीचा ठरला, पण ग्रंथीत तोच राखणदार पदार्थ सापडला! संशोधनात असं होतं. वाट चुकते आणि गाव सापडतं.

पण कामावर पाणी पडायची वेळ आली. त्यांना सांभाळून घेणारे प्राध्यापक वारले, नव्या वरिष्ठांशी पटलं नाही. बायको-मुलीला माहेरी पाठवावं लागलं. जीव नकोसा झाला, इथवर मजल गेली. १९२६ मध्ये स्टॉकहोमला शरीरशास्त्रज्ञांची मोठी परिषद होती, तिथे शेवटचं म्हणून जाऊन यावं एवढ्याच विचाराने ते गेले. अध्यक्षीय भाषण केंब्रिजच्या सर गॉलंड हॉपकिन्स यांचं. त्या भाषणात हॉपकिन्सनी या अनोळखी हंगेरियन माणसाच्या कामाचं नाव घेऊन कौतुक केलं. भाषण संपल्यावर सेंट-जॉर्जी त्यांना जाऊन भेटले आणि केंब्रिजला यायचं आमंत्रण खिशात घालून परतले. माणूस पार खचलेला असताना कोणाचा एक शब्द किती कामाला येतो, हे यावरून समजा.

या हॉपकिन्स यांचा आपल्या मराठी माणसाशीही संबंध आहे. आपल्या कमला सोहोनी, म्हणजे पूर्वाश्रमीच्या कमला भागवत, दुर्गा भागवतांच्या भगिनी, दहा वर्षांनी त्याच केंब्रिजला गेल्या, हॉपकिन्स यांच्याच प्रयोगशाळेत त्यांनी काम केलं आणि वनस्पतींच्या पेशी श्वसन कशा करतात यावरच्या संशोधनासाठी १९३९ मध्ये पीएच.डी. मिळवली. बटाट्यावर काम करताना त्यांना वनस्पतीतलं सायटोक्रोम सी सापडलं. परत आल्यावर त्यांनी नीरेच्या पोषणमूल्यावर काम केलं. त्यांच्यावर वेगळा लेख लिहावा लागेल.

केंब्रिजमध्ये सेंट-जॉर्जी यांनी तो पदार्थ शुद्ध स्वरूपात वेगळा केला, पण अगदी चिमूटभर. नाव काय द्यायचं? तो साखरेच्या जातीचा दिसत होता, पण नक्की काय ते कळेना. म्हणून त्यांनी गमतीने इग्नोज म्हणजे अज्ञात साखर असं नाव सुचवलं. संपादकांनी नापसंत केलं. मग देवालाच ठाऊक अशा अर्थाचं गॉडनोज सुचवलं. संपादक आणखी चिडले. शेवटी हेक्झुरोनिक ॲसिड असं गंभीर नाव देऊन १९२८ मध्ये शोधनिबंध छापून आला.

पुढचं काम अडलं ते मालावाचून. पदार्थ कसा बनला आहे हे शोधायला तो भरपूर हवा. अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये त्यांना काही महिने काम मिळालं. जवळच्या मोठ्या कत्तलखान्यांतून गुरांच्या ग्रंथी यायच्या. ढिगांनी ग्रंथी, अखंड मेहनत आणि हाती काय? सुमारे २५ ग्रॅम पांढरी पूड. तुमच्या तळहातावर मावेल एवढी. त्यातली काही त्यांनी बर्मिंगहॅमच्या हॉवर्थ या रसायनतज्ज्ञाला रचना शोधायला दिली. ती पुरली नाही.

याच सुमारास हंगेरीच्या शिक्षणमंत्र्यांनी त्यांना परत बोलावून सेगेड शहरातल्या विद्यापीठात प्राध्यापक केलं. सेगेड आहे तिसा नदीच्या काठी, आणि त्या भागाचं पीक कोणतं, तर मिरची. तिकडे तिला पाप्रिका म्हणतात. घरांच्या भिंतींवर लाल मिरच्यांच्या माळा वाळत टाकायच्या, ही तिथली जुनी रीत. कोलंबसाच्या सफरींनंतर अमेरिकेतून युरोपात आलेलं हे पीक तुर्कांच्या हातून हंगेरीत रुजलं, आणि पोर्तुगीजांच्या हातून आपल्या गोव्याच्या बाजूने इकडे आलं. नंदुरबारच्या पथारीवर वाळणारी मिरची आणि सेगेडच्या भिंतीवरची माळ या एकाच घराण्यातल्या.

आता स्कर्व्हीबद्दल दोन शब्द, कारण गोष्ट तिथे जाते. ताजी भाजी-फळं महिनोन् महिने मिळाली नाहीत की हिरड्यांतून रक्त येतं, दात हलतात, जुन्या जखमा उघडतात, माणूस मरतो. समुद्रावरच्या खलाशांचे या रोगाने फार हाल व्हायचे. १७४७ मध्ये जेम्स लिंड या जहाजावरच्या डॉक्टरने १२ आजारी खलाशांवर वेगवेगळे उपाय करून पाहिले, त्यात संत्री-लिंबं मिळालेले दोघे झपाट्याने बरे झाले. लिंबात काहीतरी आहे, हे तेव्हापासून माहीत होतं. त्या काहीतरीला पुढे क जीवनसत्त्व असं नाव पडलं, पण ते कोणी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. तुमच्या गोठ्यातली गाय, शेळी हे जीवनसत्त्व स्वतःच्या शरीरात तयार करते, म्हणून तिला स्कर्व्ही होत नाही. माणसाला ते जमत नाही. गिनी पिग या छोट्या प्राण्यालाही जमत नाही, त्यामुळे प्रयोगशाळेत त्याचा उपयोग.

आपला पदार्थ म्हणजेच क जीवनसत्त्व असावं, असा संशय सेंट-जॉर्जी यांना होताच. पण जीवनसत्त्व हा स्वयंपाकघरातला विषय, शास्त्रज्ञाने त्यात काय डोकं घालायचं, असं त्यांना वाटायचं. बघा, एवढ्या हुशार माणसाचीही ही समजूत! १९३१ मध्ये स्विरबेली नावाचा हंगेरियन वंशाचा तरुण अमेरिकेतून त्यांच्याकडे आला. जीवनसत्त्वाची चाचणी कशी करायची ते त्याला येत होतं. सेंट-जॉर्जी यांनी शिल्लक पुडीतली थोडी त्याच्या हाती दिली. गिनी पिगचे गट केले. उकळलेल्या, जीवनसत्त्व नसलेल्या अन्नावर ठेवलेले स्कर्व्हीने मेले. त्याच अन्नाबरोबर रोज मिलिग्रॅमभर पूड मिळालेले तगले. झालं, दीडशे-दोनशे वर्षांचं कोडं सुटलं.

इथेच वादही सुरू झाला. स्विरबेली ज्यांच्याकडे आधी काम करत होता, ते पिट्सबर्गचे चार्ल्स ग्लेन किंग हेही लिंबाच्या रसातून क जीवनसत्त्व वेगळं करण्याच्या मागे कित्येक वर्षं होते. स्विरबेलीने आपल्या जुन्या गुरूंना पत्राने निकाल कळवला. एप्रिल १९३२ मध्ये किंग यांचं टिपण अमेरिकेत आधी छापून आलं आणि सेगेडचं इंग्लंडमध्ये दोन आठवड्यांनी. कोणी कोणाचं घेतलं यावर पुढे फार कटुता झाली. किंग यांचं स्वतःचं काम खरं होतं, यात शंका नाही. पण हा पदार्थ पहिल्यांदा वेगळा केला तो सेंट-जॉर्जी यांनी, चार वर्षं आधी, हेही तितकंच खरं.

वाद बाजूला ठेवू. पूड संपली होती. एका संध्याकाळी बायकोने जेवणात ताज्या पाप्रिकाची भाजी वाढली. साहेबांना ती खायची नव्हती, आणि तसं तोंडावर सांगायची हिंमतही नव्हती. नवरेमंडळींना हे समजेल. एवढ्यात डोक्यात आलं, की आपण सगळी झाडं तपासली पण ही तपासली नाही. ताट उचलून ते प्रयोगशाळेत गेले. मध्यरात्रीपर्यंत कळलं की क जीवनसत्त्वाचा खजिनाच हाती लागला आहे, आणि तो गावाभोवतीच्या शेतात मणांनी उभा आहे. संत्र्याच्या रसात साखर असते, ती वेगळी करता करता पदार्थ नासतो. मिरचीत ती अडचण कमी. काही आठवड्यांत दीड किलोच्या आसपास शुद्ध पूड तयार झाली. अमेरिकेतल्या कत्तलखान्यांचे २५ ग्रॅम आठवा.

त्या पुडीचं त्यांनी काय केलं? पेटीत ठेवून भाव वाढवला नाही. जगभरच्या ज्या शास्त्रज्ञांना या विषयावर काम करायचं होतं, त्यांना फुकट वाटली. हॉवर्थना भरपूर पाठवली, आणि १९३३ मध्ये रचना उलगडली. दोघांनी मिळून पदार्थाला नवं नाव दिलं, ॲस्कॉर्बिक ॲसिड, म्हणजे स्कर्व्ही न होऊ देणारं आम्ल. त्याच साली ते कारखान्यात बनवायची रीतही निघाली, आणि १९३४ पासून एका स्विस कंपनीने विक्री सुरू केली. आज गोळीतलं क जीवनसत्त्व मिरचीतून काढत नाहीत. बहुतेक ते मक्याच्या स्टार्चपासून ग्लुकोज करून त्यावर जिवाणू सोडून बनवतात. मिरचीवाल्या शेतकऱ्याच्या पदरात यातून फार काही पडलं नाही, हेही सांगून टाकायला हवं.

एक गोष्ट लक्षात घ्या. त्यांनी वापरली ती ताजी मिरची. वाळवताना आणि शिजवताना क जीवनसत्त्व मोठ्या प्रमाणात जातं. तांब्याच्या भांड्यात आणखी लवकर. लाल तिखटात रंग टिकतो, कारण तो कॅप्सँथिन या वेगळ्याच द्रव्याचा. ब्याडगीला भाव मिळतो तो त्याच रंगाचा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या तक्त्यात १०० ग्रॅममागे क जीवनसत्त्व असं दिलं होतं: संत्र्यात ३० मिलिग्रॅम, हिरव्या मिरचीत १११, पेरूत २१२, शेवग्याच्या पाल्यात २२०, आवळ्यात ६००. नव्या मोजणीत आवळ्याचा आकडा बराच खाली आला, तरी संत्र्यापेक्षा तो कितीतरी वर आहे. अंगणवाडीच्या आवारात शेवगा लावायचा ठराव ग्रामपंचायतीपुढे आला तर हे आकडे हाताशी असू द्या. पाला मात्र झाकण ठेवून थोडाच वेळ शिजवायचा.

आता या गोष्टीचा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग. लहान रक्तवाहिन्यांतून रक्त झिरपणाऱ्या रुग्णांना सेंट-जॉर्जी यांनी अशुद्ध, म्हणजे रसाच्या रूपातलं जीवनसत्त्व दिलं, तेव्हा गुण आला. पुढे शुद्ध पूड हाती आल्यावर त्यांना वाटलं, आता आणखी चांगला गुण येईल. आलाच नाही. म्हणजे रसात आणखी काही होतं, जे शुद्ध करताना बाहेर फेकलं गेलं. शोधल्यावर ती फ्लेव्होनॉइड जातीची द्रव्यं निघाली. १९३६ मध्ये त्यांनी या द्रव्यांना पी जीवनसत्त्व म्हणून जाहीर केलं. पण इतरांना त्याचा भक्कम पडताळा मिळाला नाही. ही द्रव्यं मिळाली नाहीत म्हणून ठरावीक रोग होतो, असं सिद्ध झालं नाही आणि १९५० च्या सुमारास पी जीवनसत्त्व हे नाव यादीतून गेलं.

नाव गेलं, द्रव्यं राहिली. लाल कांद्याच्या बाहेरच्या पापुद्र्यातलं क्वेर्सेटिन, मोसंबी-संत्र्याच्या सालीतलं हेस्पेरिडिन, चहातली द्रव्यं, ही सगळी याच कुळातली, आणि त्यांच्यावर आज जगभर संशोधन चालू आहे. वनस्पतीतली जैवसक्रिय द्रव्यं असं भारदस्त नाव त्याला आहे. बाजाराने याचाही फायदा उठवला. अँटिऑक्सिडंट म्हटलं की वाटेल त्या पुडीला गिऱ्हाईक. फिनलंडमध्ये सुमारे २९ हजार धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर मोठी चाचणी झाली, तिचा निकाल १९९४ मध्ये आला. गाजरात असतं ते बीटा-कॅरोटिन गोळीतून दिलेल्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी होण्याऐवजी वाढलेला आढळला. भाजी खाणं वेगळं आणि भाजीतलं एकच द्रव्य काढून त्याची गोळी खाणं वेगळं. गावात कोणी चकचकीत डबा घेऊन सर्व रोगांवर रामबाण म्हणून विकायला आला, तर त्याला ही फिनलंडची गोष्ट जरूर विचारा.

१९३७ मध्ये सेंट-जॉर्जी यांना वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं, आणि त्याच वर्षी हॉवर्थना रसायनशास्त्राचं, स्वित्झर्लंडच्या कॅरर यांच्यासोबत. नोबेलचं सोन्याचं पदक सेंट-जॉर्जी यांनी घरी ठेवलं नाही. रशियाने फिनलंडवर हल्ला केला तेव्हा फिनलंडच्या मदतीसाठी देऊन टाकलं. फिरून फिरून ते पुढे बुडापेस्टच्या राष्ट्रीय संग्रहालयात आलं.

मग दुसरं महायुद्ध. हंगेरी हिटलरच्या बाजूने. दंडात गोळी मारून घेणारा हाच माणूस १९४३ मध्ये व्याख्यानाच्या निमित्ताने इस्तंबूलला गेला आणि हंगेरीला युद्धातून बाहेर काढण्यासाठी हिटलरच्या शत्रूंशी गुप्त बोलणी केली. बातमी फुटली. हिटलरने पकडण्याचं फर्मान काढलं. स्वीडनच्या वकिलातीने आसरा दिला आणि युद्ध संपेपर्यंत त्यांनी लपतछपत दिवस काढले. ज्यू सहकाऱ्यांना त्यांनी मदत केली ती वेगळीच. स्नायू कसे आकुंचन पावतात यावरचं त्यांचं मोठं कामही युद्धाच्या त्याच वर्षांतलं.

युद्धानंतर रशियनांच्या राज्यात त्यांचं जमेना. १९४७ मध्ये ते अमेरिकेत गेले आणि वूड्स होल या समुद्रकाठच्या गावी राहिले. उतारवयात त्यांनी कर्करोगाचा ध्यास घेतला. त्या कामाला सरकारी अनुदान मिळेना. नोबेलवाल्या माणसाकडे संशोधनाला पैसे नाहीत, अशी बातमी वर्तमानपत्रात आली. ती वाचून एका वकिलाने २५ डॉलर पाठवले. त्याला म्हाताऱ्याचं हाताने लिहिलेलं आभाराचं पत्र गेलं. त्या ओळखीतून दोघांनी १९७३ मध्ये कर्करोग संशोधनासाठी लोकवर्गणीची संस्था उभी केली. कर्करोगाबद्दलचे त्यांचे सिद्धांत फारसे टिकले नाहीत.

२२ ऑक्टोबर १९८६ रोजी वूड्स होलमध्येच ते वारले, वय ९३. सेगेडच्या वैद्यकीय महाविद्यालयाला आता त्यांचं नाव आहे.